लाल त्रिकोण, हिरवी बाटली

मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस आदिलाबादच्या बाजारपेठेत कृषी केंद्रवाल्यांचे असतात. जैनथ, बेला, तामसीकडचे शेतकरी ऑटोनं येतात, काही पेनगंगेचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातूनही येतात. दुकानात शिरलं की कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांची भिंतच समोर उभी राहते. कुठे बोंडांनी वाकलेलं झाड, कुठे मिशीवर ताव देणारा शेतकरी, आणि मागे केशरी, जांभळा, झळझळीत हिरवा. आतला माल मात्र एकमेकांच्या फार जवळचा. 2025च्या हंगामात बीजी-टू कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारनं 901 रुपये ठरवून दिली होती आणि ती सगळ्या कंपन्यांना सारखीच होती. भाव सारखा, बोंडअळीसाठी घातलेली जनुकं सारखी. मग गिऱ्हाइकाचा हात एका पाकिटाकडे जातो आणि शेजारच्याकडे जात नाही, यात रंगाचा वाटा किती?

याच प्रश्नावरून एका नव्या दुकानाच्या ओट्यावर मामा-भाचीची जुंपली होती. मामा जुने बोर्ड पेंटर. फ्लेक्स आला, गल्लीतल्या बहुतेकांनी ब्रश धुऊन ठेवले, मामांनी ठेवले नाहीत. भाची हैदराबादेत डाळी-मसाल्यांच्या पाकिटांची डिझाइनं करते. दुकान ज्याचं, तो पंचविशीतला पोरगा दोघांच्या मधे उभा. त्याला पाटी हिरवी हवी होती. शेतीचं दुकान म्हणजे हिरवं, इतका सरळ त्याचा हिशोब.

हिरवी नको, एवढ्यावर मामा आणि भाची दोघांचं एकमत होतं. भांडण कारणांवरून होतं.

“लाल रंग माणसाले बोलावते,” मामा म्हणाले. “पिवळ्या जमिनीवर लाल अक्षर काढ, मोटरसायकलवरचा माणूस मान वळवते. हिरवं पाहून कोणी थांबत नाही. हा रंगाचा गुण आहे, बाई. साखर गोड असते तसा लाल तापट असते. तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत का?”

“शिकवतात ना. म्हणूनच माझा विश्वास उडाला,” भाची म्हणाली. “मामा, रंगाला स्वतःचा असा गुण फार थोडा असतो. या रस्त्यावर ओळीनं सगळ्या पाट्या हिरव्या आहेत, म्हणून तुमचा लाल उठून दिसेल. उद्या सगळ्यांनी लाल केल्या तर हिरव्याकडे मान वळेल.”

भाचीच्या म्हणण्यामागे जुनं संशोधन आहे. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1933 साली दाखवलं, की एकसारख्या गोष्टींच्या यादीत जी वेगळी असते ती जास्त लक्षात राहते. भारतीय बाजारातलं याचं ठळक उदाहरण धुण्याच्या पावडरीचं. सर्फ निळी होती आणि धुण्याची पावडर म्हणजे निळी, असंच शहरी गिऱ्हाइकाला वाटायचं. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सायकलवरून विकायला सुरुवात केलेली निरमा पिवळी होती. पिवळ्या रंगानं कपडे अधिक स्वच्छ निघतात असं कुणी म्हणणार नाही. निरमा खपली ती मुख्यतः स्वस्त होती म्हणून. पण ती सर्फची नक्कल वाटली नाही, याचं काही श्रेय त्या पिवळ्या रंगाला द्यायला हरकत नाही.

मामांना हे पटलं नाही. दिव्याच्या खांबाकडे बोट करून ते म्हणाले, “मी काय फक्त दुपारचा बोर्ड रंगवतो? संध्याकाळी पाह्य. दिवेलागणीला लाल अक्षर काळं पडते अन् निळं-हिरवं चमकाले लागते. त्याच्यात शेजारच्या पाटीचा काय संबंध? तो डोळ्याचाच गुण झाला ना?”

इथे मामांनी डाव मारला, हे कबूल करायला हवं. यान पुर्किन्ये या बोहेमियातल्या शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच नोंदवलं होतं. उजेड कमी होत गेला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात. या दुसऱ्या पेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही, निळसर-हिरवा मात्र चांगला दिसतो. म्हणून तिन्हीसांजेला लाल फूल काळवंडतं आणि त्याचीच पानं उजळ वाटतात. मामांनी पुर्किन्येचं नाव ऐकलेलं नाही, पण रात्री उघड्या राहणाऱ्या औषध दुकानाची पाटी ते कधी काळ्यावर लाल करत नाहीत.

“हे मान्य,” भाची म्हणाली. “दिसणं हा डोळ्याचा गुण. पण दिसलं म्हणजे आवडलं नाही, आणि आवडलं म्हणजे घेतलं नाही. तुम्ही या तिन्हींना एकाच डब्यात घालता.”

दुकानदार पोरानं मोबाइल पुढे केला. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं, की गिऱ्हाईक नव्वद सेकंदांत मत बनवतं आणि त्यातलं 62 ते 90 टक्के नुसत्या रंगावरून. निळा म्हणजे विश्वास, पिवळा म्हणजे आनंद, जांभळा म्हणजे राजेशाही, असा तक्ताही सोबत होता.

हा आकडा डिझाइनच्या धंद्यात इतका फिरलाय की त्याचं मूळ कुणी विचारत नाही. तो 2006 साली ‘मॅनेजमेंट डिसिजन’ या नियतकालिकातल्या सत्येंद्र सिंह यांच्या लेखातून पसरला. तो आढावा घेणारा लेख आहे, दुकानात उभं राहून गिऱ्हाइकं मोजल्याचा प्रयोग नाही. गंमत अशी की त्याच वर्षी पॉल बॉटमली आणि जॉन डॉयल यांनी कितीतरी कामाचा निष्कर्ष मांडला होता. रंग चांगला की वाईट यापेक्षा तो त्या वस्तूला शोभतो का, याला लोक महत्त्व देतात. कामाच्या, औजारासारख्या वस्तूला निळा किंवा करडा बसतो, मौजेच्या वस्तूला लाल. या निष्कर्षाचा व्हिडिओ कुणी करत नाही, कारण त्यात टक्केवारी नाही आणि तक्ताही नाही.

“तक्ता तं मलेही पटत नाही,” मामा म्हणाले. “जांभळा म्हणजे राजा? आपल्याकडे जांभळा म्हणजे वांगं.”

मग भाचीनं तक्त्यातला एक-एक रंग आदिलाबादच्या रस्त्यावर आणून उभा केला. हा भाग या सगळ्या वादात फार मोलाचा, कारण अशा पुस्तकी तक्त्यांची परीक्षा घ्यायला सीमेवरच्या जिल्ह्यासारखी जागा नाही. तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी, बंजारा, सगळ्यांचे रंग एकाच चौकात.

गुलाबीच घ्या. मार्केटिंगच्या पुस्तकात गुलाबी म्हणजे नाजूक, बायकी, लहान मुलींचा. 2001 साली तेलंगण राष्ट्र समिती स्थापन झाली आणि पुढे सगळ्या तेलंगणात गुलाबी झेंडे, गुलाबी उपरणी आणि गुलाबी फेटे झाले. उन्हानं रापलेला, पांढऱ्या मिशांचा शेतकरी गळ्यात गुलाबी उपरणं टाकून सभेला निघाला की त्याच्याकडे पाहून कुणाला बार्बी आठवली नाही. आठवला तो पक्ष, त्याचं आंदोलन आणि त्याचा निवडणुकीतला उमेदवार. त्याच शेतकऱ्याला शेतात गुलाबी म्हटलं की बोंडअळी दिसते आणि त्याच्या पोटात गोळा येतो.

निळा घ्या. पुस्तकात तो बँकेचा, विम्याचा, भरवशाचा. आंबेडकर चौकात चौदा एप्रिलला उतरून पाहा, निळा कुणाचा आहे ते विचारावं लागत नाही. लाल म्हणजे पुस्तकात ‘आजच खरेदी करा’. पण इंद्रवेल्लीच्या रस्त्यानं जाताना जो लाल स्तंभ दिसतो, तो 20 एप्रिल 1981च्या गोळीबारात मेलेल्या आदिवासींचा आहे. तो पाहून कुणाला सवलतीची आठवण होत नाही.

“आणि पांढरा?” भाचीनं विचारलं.

“पांढरा काय, आपल्यात विधवेचा,” दुकानदार पोरगा म्हणाला.

“आपल्यात म्हणजे कुणाच्यात?”

मामा हसले. केस्लापूरची जत्रा त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. पौष अमावास्येला नागोबाची पूजा होते. त्याआधी गोंडांमधल्या मेस्राम कुळाचे लोक पांढऱ्या कपड्यांत पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. जत्रेत त्या कुळात नव्यानं आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते, त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. या नव्या नवऱ्या पांढरी साडी नेसून, तोंडावर पदर ओढून देवापुढे जातात. म्हणजे शेजारच्या घरी जो रंग सौभाग्य गेल्याचा, तोच इथे घरात सून आल्याचा. केस्लापूर आदिलाबाद शहरापासून काही फार लांब नाही.

एवढं झाल्यावर भाचीला वाटलं जिंकले. पण प्रामाणिकपणा म्हणून तिनंच एक उलटा पुरावा सांगितला. 2020 साली स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकारानं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 30 देशांतल्या 4,598 लोकांना रंगांची नावं देऊन, त्यांच्याशी कोणत्या भावना जोडाव्याशा वाटतात ते विचारलं. देशोदेशींची उत्तरं अपेक्षेपेक्षा कितीतरी सारखी निघाली. लालाला प्रेम आणि राग दोन्ही, काळ्याला दुःख, पिवळ्याला आनंद. फरकही होते, चीनमध्ये पांढऱ्याशी दुःख जास्त जोडलेलं. आणि ज्या देशांची भाषा वा सरहद्द जवळची, त्यांची उत्तरं आणखी जवळची.

“मंग?” मामांचा चेहरा उजळला. “तीस देशांची लोकं खोटी अन् तू खरी?”

“खोटी कशाला? त्यांना ‘लाल’ हा शब्द दिला होता, मामा. लाल पाटी नाही, लाल पाकीट नाही. नुसतं ‘लाल’ म्हटल्यावर तुम्हालाही कुंकू आठवेल. पण समोर लाल त्रिकोण आला तर?”

त्रिकोणाकडे यायला अजून थोडा वेळ होता. मधे कोर्टकचेरी आली. मामांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. रंगात काही नसतं तर कंपन्या त्याच्यासाठी कोर्टात कशाला गेल्या असत्या?

गेल्या आहेत, हे खरं. 2003 साली दिल्ली उच्च न्यायालयात कोलगेट आणि अँकर यांचा खटला दंतमंजनाच्या डब्यावरून झाला. डब्याचा एक तृतीयांश भाग लाल आणि दोन तृतीयांश पांढरा, ही रंगसंगती आमची आहे, असा कोलगेटचा दावा होता. नावं एकमेकांच्या जवळपासही जात नव्हती. तरी न्यायालयानं कोलगेटच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. लिहिता-वाचता न येणारं गिऱ्हाईक डबा रंगावरून आणि एकूण रूपावरून ओळखतं, हा विचार त्यामागे होता. 1999च्या आपल्या ट्रेड मार्क्स कायद्यातही रंगसंगतीला व्यापारचिन्ह मानण्याची सोय आहे. तिकडे इंग्लंडात कॅडबरीनं आपल्या जांभळ्या रंगाची नोंदणी मागितली, नेस्ले आडवी आली, आणि 2013 साली अपील न्यायालयानं कॅडबरीची मागणी नामंजूर केली. कारण अर्जाच्या शब्दांत तो रंग कुठे, किती, कसा लावणार याचा नेमका पत्ता नव्हता.

“बरोबर आहे, भांडल्या,” भाची म्हणाली. “पण कशासाठी? लाल-पांढऱ्यानं दात स्वच्छ होतात म्हणून नाही. वर्षानुवर्षं तो डबा मोरीतल्या फळीवर होता म्हणून. लोकांच्या डोळ्यांना सवय लावायला त्यांनी पैसा ओतला होता, ती सवय दुसऱ्यानं फुकट वापरू नये म्हणून.”

“सवय म्हणजेच गुण की.”

“सवय मोडता येते, मामा. गुण मोडत नाही.”

सवय मोडण्याचा एक मोठा प्रयोग सरकारनंच केला आहे आणि तो याच दुकानात मागच्या बाजूला थप्पीनं रचून ठेवला होता. 2 ऑक्टोबर 2022 पासून देशातलं अनुदानित खत ‘भारत’ या एकाच नावानं विकायचं ठरलं. भारत युरिया, भारत डीएपी, भारत एमओपी, भारत एनपीके. पोत्याच्या दर्शनी भागाचा दोन तृतीयांश हिस्सा या नावाला आणि योजनेच्या चिन्हाला, उरलेला एक तृतीयांश कंपनीचं नाव, पत्ता, तपशील यांना. त्याआधी प्रत्येक कंपनीचं पोतं लांबूनच ओळखू यायचं. खताची रासायनिक टक्केवारी सरकारी नियमानं बांधलेली. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात कोणाचंही असो, 46 टक्के नत्रच. तेव्हा सरकारचं म्हणणं तर्काला धरून होतं. वस्तू एक, तर पोतंही एक.

दुकानदार पोराचा अनुभव वेगळा होता. शेतकरी अजूनही कंपनीचं नाव घेऊन मागतो आणि पोतं दाखवलं की ते फिरवून खालची बारीक अक्षरं पाहतो. ज्याला वाचता येत नाही तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो. म्हणजे रंगानं सांगायचं काम आता दुकानदाराच्या जिभेवर आलं. यातून शेतकऱ्याचं भलं झालं की दुकानदाराचं, यावर तिघांत मतभेद झाले. प्रस्तुत लेखकाला विचाराल तर दुकानदाराचं वजन वाढलं, एवढं नक्की.

खताच्या दाण्याच्या रंगाचाही असाच घोळ आहे. पोटॅश लालसरही येतं आणि पांढरंही. लाली असते ती लोहाच्या संयुगांच्या अंशामुळे. पिकाला हवं असलेलं पालाश दोन्हीत सारखंच, तरी “लाल द्या, लाल कडक असतं” म्हणणारे शेतकरी आहेत. त्यांना हसण्यात अर्थ नाही. ज्याला आतलं काही दिसत नाही, तो बाहेरच्या रंगावरून अंदाज बांधणारच. हैदराबादेतला माणूसही तपकिरी ब्रेड पौष्टिक समजून घेतो, त्यात कॅरॅमल घातलंय का हे वाचत नाही.

कपाशीच्या सरकीचं तर सरकारी कायद्यानं आणि बाजारानं मिळून भलतंच करून ठेवलंय. बियाण्याला कीटकनाशक-बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते खाण्यात किंवा तेलात जाऊ नये म्हणून त्याला गुलाबी, निळा, हिरवा असा झगझगीत रंग देतात. मूळ हेतू धोक्याची खूण. पण वर्षानुवर्षं चांगल्या कंपनीचं बी रंगीत पाहून शेतकऱ्याच्या मनात रंगीत म्हणजे अस्सल असं बसलं. खोट्या बियाण्याचा धंदा करणाऱ्यांना हे बरोबर कळलं. ते सरकी रंगवतात, की झालं बियाणं. रंगाची एक पुडी आणि एक बादली, बस्स.

पाकिटाला लावलेल्या खुणपट्टीचे रंग आणखी वेगळे. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला आकाशी निळी. कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर विकते त्या ‘सत्यप्रत’ बियाण्याला हिरवी. कपाशीचे बहुतेक संकरित वाण हिरव्या पट्टीचे. म्हणजे तिथे हिरवा रंग कुणी सरकारी तपासनीस पाहून गेल्याचं सांगत नाही, तर एवढंच सांगतो की आतल्या मालाबद्दल कंपनीचा शब्द आहे. ही रंगांची बाराखडी ओट्यावर बसलेल्या किती जणांना येते? मामांना येत नव्हती. दुकानदाराला परवान्यासाठी पाठ करावी लागली होती.

आता त्रिकोण.

मामांनी कपाटातून एक बाटली उचलली. पांढरं अंग, हिरवं झाकण, लेबलवर हिरवीगार पानं, एक टवटवीत बोंड आणि उगवता सूर्य. पाहिल्यावर वाटावं, कोरफडीचा रस आहे. त्या लेबलच्या कोपऱ्यात कोनावर उभा केलेला एक चौकोन, मधोमध आडवा कापलेला. वरच्या त्रिकोणात विषारी असल्याचा इशारा, खालचा त्रिकोण पिवळाधमक.

1971च्या कीटकनाशक नियमांनी हा चौकोन सक्तीचा केलाय. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाच्या ताकदीवर ठरतो आणि ती ताकद प्रयोगशाळेत उंदरांवर मोजतात. पोटात गेल्यास किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे उंदीर मेले तर लाल, सोबत कवटी आणि दोन हाडं. 51 ते 500 लागले तर पिवळा, 501 ते 5000 निळा, आणि त्याहून जास्त लागले तर हिरवा. शब्दही ठरलेले. लाल-पिवळ्याला ‘विष’, निळ्याला ‘धोका’, हिरव्याला ‘सावधान’.

“हे पाह्य,” मामा म्हणाले. “सरकारनं तं माझंच ऐकलं. लाल म्हणजे थांब, हिरवं म्हणजे जा. सिग्नलसारखं. गुण आहे म्हणूनच ना?”

“मग निळा कशाला घातला मधे?” भाची म्हणाली. “सिग्नलला निळा कुठे असतो? पिवळ्याहून निळा कमी विषारी, हे कुठल्या शेतकऱ्याला आपोआप कळेल? तुम्हाला कळलं होतं?”

मामा गप्प बसले. ते चाळीस वर्षं फवारणीच्या औषधांच्या जाहिराती भिंतीवर रंगवत आले होते, पण निळ्या-पिवळ्याचा क्रम त्यांना आत्ता समजत होता.

दुकानदार पोरगा मात्र आता बोलायला लागला, आणि जे बोलला त्यानं दोघांचीही पंचाईत झाली. त्याच्याकडे येणारा शेतकरी त्रिकोण पाहत नाही असं नाही. काही जण मुद्दाम पाहतात. मावा, तुडतुडे आटोक्यात येत नसले की म्हणतात, “हिरवावाला नको, त्यानं काही मरत नाही. लालवाला दे.” कायद्यानं लाल लावला हात मागे घ्यावा म्हणून. गिऱ्हाईक तोच लाल पाहून हात पुढे करतं. त्याच्या डोक्यात प्रश्न स्वतःच्या जिवाचा नसतोच, किडीच्या जिवाचा असतो. आणि त्या प्रश्नाला लाल हेच बरोबर उत्तर आहे असं त्याला वाटतं. (ते बरोबरही नसतं. उंदराला किती लागलं यावरून किडीला किती लागेल ते ठरत नाही. कित्येक नवी औषधं हिरव्या-निळ्या त्रिकोणाची असून किडीवर जास्त प्रभावी आहेत.)

उलट बाजूनं हिरव्या त्रिकोणाचा गैरसमज. हिरवा म्हणजे ‘काही होत नाही’. मग हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही, आणि दोन-तीन औषधं एकाच बादलीत. त्रिकोण एका बाटलीतल्या एका औषधाचं सांगतो. बादलीतल्या मिश्रणाला त्रिकोण नसतो.

2017च्या पावसाळ्यात पेनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसवर माणसं दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, फवारा अंगावर येत होता. उकाडा होता, औषधं मिसळून मारली जात होती, जोरकस पंप बाजारात आले होते. रंग चुकला म्हणून माणसं मेली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण त्या बाटल्यांवर त्रिकोण होते, कायद्याला धरून, ठरलेल्या रंगांचे. त्यांनी कुणाला अडवलं नाही.

“ह्याच्यात कंपनीचा हिरवा जिंकला,” भाची म्हणाली. तिनं बाटली हातात घेऊन अंगठ्यानं तो चौकोन झाकला. अंगठ्याखाली तो सगळा मावला. “हे एवढं कायद्याचं. बाकीचं सगळं लेबल पानांचं आणि सूर्याचं. रंगाचं मानसशास्त्र कुणाला शिकायचं असेल तर इथे शिका. धोका सांगणारा रंग कोपऱ्यात आणि भूल घालणारा रंग चारही बाजूंनी.”

“भूल घालते ना पण?” मामांनी शब्द पकडला. “म्हणजे हिरव्यात ताकद आहे.”

“आहे. या बाटलीवर आहे, कारण तुमच्या मनात हिरवा म्हणजे शेत. हाच हिरवा दुधात दिसला, तर लोक नासलं का म्हणून वास घेतील.”

मामांनी नकारार्थी मान हलवली, पण वाद पुढे नेला नाही. त्यांना दुसरंच सुचलं होतं. पाटी पिवळ्यावर लाल होईल ते होईल, दुकानाच्या आतल्या भिंतीवर चार हात उंचीचा तो चौकोन काढायचा. चारही रंग, वरून खाली, विषाच्या उतरत्या क्रमानं. बाटली हातात घेतलेल्या माणसानं भिंतीशी ताडून पाहावी.

भाचीनं लगेच खोड काढली. नुसते रंग काढले तर लाल-हिरवा न ओळखता येणारा पुरुष दोन्ही त्रिकोण मातकटच पाहील, आणि असे पुरुष प्रत्येक गावात असतात. प्रत्येक रंगापुढे तेलुगूत आणि मराठीत शब्द हवेत. खाली एक ओळ हवी: हिरव्यालाही हातमोजे. आणि कवटी फक्त लालाजवळ काढून चालणार नाही, पिवळ्याचाही इशारा ‘विष’ असाच आहे, तेव्हा तिथेही तो शब्द जाडच आला पाहिजे.

“अन् मी विकू काय मग?” दुकानदार पोरगा म्हणाला. “भिंतीवर कवटी काढून कोणी दुकान उघडते का, मामा? कंपनीवाले फुकट फ्लेक्स देऊन राहिले, हसऱ्या शेतकऱ्याचा. तुमच्या चौकोनाचे पैसे कोण देईल?”

“रंग माझा,” मामा म्हणाले. “चुना तू मारून दे.”

पोरानं भिंतीकडे पाहिलं. तिथे उद्या बियाण्याचं कपाट यायचं होतं. कपाट डावीकडे सरकवलं तर काउंटरला जागा कमी पडत होती, आणि काउंटरच्या मागे कवटी दिसली तर बायको काय म्हणेल, हेही त्याच्या मनात असावं. भाचीनं पिशवीतून टेप काढली आणि भिंत मोजायला घेतली.